विंडोज आणि उबुंटू दोन्ही सुरू होत नाहीत : डिस्क पुसण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : अक्षरजुळणी_शाहूपुरी

नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामे आमच्याकडे येतात. दुकानातल्या मुख्य संगणकावर विंडोज १० आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) या दोन प्रणाली एकाच एसएसडी डिस्कवर आहेत. श्रीलिपीचे जुने फॉन्ट, पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्यासाठी विंडोज लागतेच, कारण पतसंस्थांचे जुने अहवाल सगळे त्याच स्वरूपात आहेत आणि दरवर्षी संस्थेचा माणूस येऊन ‘मागचाच अहवाल काढा, फक्त आकडे बदला’ असे सांगतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा संगणक सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून इंटरनेट, ईमेल आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह उघडणे ही कामे उबुंटूवर करावीत, अशी व्यवस्था माझ्या भाच्याने लावून दिली होती. तो आता परगावी नोकरीला असल्याने फोनवरून जेवढे सांगता येते तेवढेच सांगतो.

पूर्वी संगणक सुरू केला की उबुंटू आणि विंडोज अशी निवड विचारणारा मेनू येत असे. आता तो मेनू येत नाही. संगणक परस्पर विंडोजकडे जातो, गोल फिरणारे ठिपके थोडा वेळ दिसतात, मग निळा पडदा येऊन त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द उमटतात आणि संगणक पुन्हा सुरू होतो. असे होत होत शेवटी ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा पडदा येतो आणि तिथूनही काही दुरुस्त होत नाही.

एका दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला होता. त्याने तो चालू करून दाखवला, दुकानात आणल्यावर दिवसभर विंडोजवर कामही झाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच निळा पडदा. आता त्याचे म्हणणे असे आहे की डिस्क शेवटच्या घटका मोजत आहे, तरी एकदा सगळे पुसून विंडोज नव्याने टाकून पाहू. पुसण्याची मला धास्ती वाटते. फायलींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर बऱ्यापैकी आहेत, पण जुन्या सॉफ्टवेअरची नोंदणी आणि फॉन्टची जुळवाजुळव पुन्हा करायची म्हणजे हंगामाच्या तोंडावर दुकान बंद ठेवण्यासारखेच आहे.

विजेच्या झटक्याचा संशय मला वाटत नाही, कारण रोज रात्री मेन स्विच बंद करूनच आम्ही कुलूप लावतो. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढू लागले की तळमजल्यावरची यंत्रे माडीवर नेतो, २०१९ आणि २०२१ चा अनुभव असल्यामुळे यंदाही ती नेली होती आणि हा संगणक बरेच दिवस तसाच बंद होता. अंगावर पाणी मात्र पडलेले नाही. आणखी एक किरकोळ गोष्ट म्हणजे सुरू होताना काळ्या पडद्यावर वेळ लावण्याविषयी काहीतरी येते आणि ‘एफ वन दाबा’ असे म्हणते, ते दाबले की पुढे जाते.

डिस्क खरोखर गेली आहे का, आणि दोन्ही प्रणाली न पुसता परत मिळतील का?

उत्तर : उद्यमनगरचा_टर्नर

ताई, कृपया काहीही पुसू नका, आणि ऑटोमॅटिक रिपेअरच्या पडद्यावर ‘रीसेट’ नावाचा जो पर्याय असतो त्यालाही हात लावू नका. आपण ज्या गोष्टीला किरकोळ म्हटले आहे तीच माझ्या मते या प्रकरणाची किल्ली आहे, पण तिथे येण्यापूर्वी निळा पडदा नेमका कोठे येतो ते पाहणे गरजेचे आहे.

बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्येच असलेला छोटा प्रोग्राम, जागे होते. ते आपल्याजवळच्या बूट नोंदींची यादी पाहते. या नोंदी डिस्कवर नसतात, त्या बोर्डवरील चिपमध्ये असतात आणि प्रत्येक नोंदीत अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनमधली (म्हणजे भागातली) अमुक फाइल चालवा एवढेच लिहिलेले असते. ते पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. विंडोजने स्वतः बनवलेले असेल तर ते बहुधा १०० एमबीचे आणि फॅट ३२ स्वरूपाचे असते. त्यात विंडोजच्या बूट मॅनेजरची फाइल एका फोल्डरात आणि उबुंटूची दुसऱ्या फोल्डरात अशा शेजारी शेजारी नांदतात. फर्मवेअर यादीतल्या पहिल्या नोंदीप्रमाणे फाइल उचलते, ती फाइल प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल स्मृतीत आणते आणि तिथून पुढे कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचू लागतो.

आता आपल्या लक्षणांकडे पाहू. ठिपके फिरताना दिसतात, याचा अर्थ विंडोजचा बूट मॅनेजर सापडला, त्याने डिस्कवरून विंडोजचा कर्नल वाचला आणि तो सुरूही झाला. इथपर्यंतचे सगळे वाचन फर्मवेअरच्या मदतीने झाले आणि ते बिनबोभाट झाले. कर्नलने स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क उघडायला घेतली तेव्हा मात्र त्याला ती सापडली नाही. ज्या डिस्कवरून कर्नल आत्ताच वाचला गेला ती डिस्क पुढच्या क्षणी मरण पावली असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली आहे असे विंडोज समजते, ती पद्धत फर्मवेअरमध्ये बदललेली असते.

फर्मवेअरमध्ये साटा जोडणीच्या डिस्कसाठी एएचसीआय आणि रेड असे दोन मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती, असतात. विंडोज ज्या मोडमध्ये स्थापित झाले त्याच मोडचा ड्रायव्हर ते सुरुवातीला घेऊन उठते. मोड बदलला की अगदी हाच निळा पडदा येतो. तो बदलला कोणी? मला वाटते, कोणीच नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, त्याचा क्रमांक सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. घड्याळ चालू ठेवणे आणि अनेक बोर्डांत सेटिंग टिकवणे हे त्याचे काम. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत पॉवर सप्लायकडून थोडा प्रवाह येत राहतो आणि सेल जवळपास खर्च होत नाही. आपण रोज रात्री मेन स्विच बंद करता, त्यामुळे प्रत्येक रात्र त्या सेलने काढली आहे, आणि माडीवरच्या मुक्कामात तर अहोरात्र त्याच्यावरच भार होता. सेल संपला की बोर्ड कारखान्याच्या मूळ सेटिंगवर जातो आणि वेळ लावा, एफ वन दाबा असे सांगतो.

दुरुस्तीवाल्याकडे संगणक चालला आणि दुसऱ्या सकाळी बंद पडला, हेही याच्याशी जुळते. त्याने मोड बरोबर करून दिला असणार, दिवसभर वीज होती तोवर तो टिकला, आणि रात्री आपण मेन स्विच बंद केल्यावर पुसला गेला.

तेव्हा पहिले काम सेल बदलण्याचे. प्लग काढून ठेवावा, जुना सेल निघताना खाच कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावे, नव्या सेलची अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून पाहावा, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर शंकाच नको. सेल न बदलता पुढची कोणतीही दुरुस्ती केली तरी ती उद्या सकाळपर्यंतच टिकेल. त्यानंतर फर्मवेअरमध्ये जाऊन तारीख कोणत्या सालाची आहे आणि साटाचा मोड कोणता आहे ते येथे कळवावे. हा संगणक मूळचा कोणाचा, कार्यालयातून आलेला आहे का, तेही सांगावे.

उत्तर : गडहिंग्लजकर

वरच्या निदानाशी मी सहमत आहे, फक्त क्रमाबद्दल थोडे वेगळे सांगतो. सेल बदलायला हरकत नाही, पण फर्मवेअरमधले मोड बदलण्यापूर्वी राहिलेल्या फायलींची प्रत काढून घ्यावी. ‘बऱ्यापैकी प्रती आहेत’ या वाक्यात नेमके जे नाही तेच पुढे लागते, हा साऱ्या जगाचा अनुभव आहे.

उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करावा आणि स्थापना न करता ‘ट्राय उबुंटू’ निवडावे. साटा डिस्क असेल तर रेड मोडमध्येही लिनक्सला ती साधारणपणे दिसते. एनव्हीएमई या दुसऱ्या जोडणीची असेल तर त्या मोडमध्ये अनेकदा दिसत नाही, मात्र तेवढ्यावरून ती बिघडली असे समजू नये. विंडोजचे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडले गेले तर काळजी नाही, प्रत काढायला तेवढे पुरते. तिथेच ‘डिस्क्स’ नावाचे साधन आहे, त्यात ‘स्मार्ट’ माहितीचा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवलेल्या नोंदीचा, पर्याय असतो. बदललेल्या सेक्टरांची संख्या शून्याच्या आसपास असेल आणि एकूण निर्वाळा चांगला असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे की नाही हा वाद तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. ताईंच्या जुन्या संगणकावर तो बहुधा नसेल, पण हा धागा वाचून कोणी नव्या लॅपटॉपवर हेच प्रयोग करायला गेले तर अडचणीत येतील. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४ एच २ आवृत्तीपासून नव्याने स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीच्या बूट फायली चालू देणारे सेटिंग) किंवा बूटचा मार्ग बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की त्या खात्यात ऑनलाइन साठवलेली असते, तेव्हा फर्मवेअरमध्ये शिरण्यापूर्वी ती शोधून कागदावर उतरवून घ्यावी, किंवा विंडोज चालू असेल तर संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. पेनड्राइव्हवरील उबुंटूमधून विंडोजचे पार्टिशन उघडताना पासवर्ड विचारला गेला तर बिटलॉकर आहे असे समजावे.

ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अद्यतनानंतर दोन प्रणालींच्या पुष्कळ संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते, त्याची आठवण येथे कोणाला होईल. तिथे पडद्यावर ‘एसबॅट’ हा शब्द आणि काहीतरी गंभीर बिघडले आहे असा संदेश येत असे, विंडोज मात्र व्यवस्थित चालत असे. येथे नेमके उलटे आहे, म्हणून ती वाट सोडून द्यावी.

अक्षरजुळणी_शाहूपुरी

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार. माझ्या भावाने लक्ष्मीपुरीतून सेल आणला. जुना सेल मोजला तर मीटर २ व्होल्टच्याही खाली दाखवत होता. फर्मवेअरमध्ये तारीख २०१६ सालच्या १ जानेवारीची निघाली, आणि साटाचा मोड रेडवर होता.

संगणक एका कार्यालयातून निघालेला, जुना म्हणून घेतलेला आहे. त्यात एसएसडी आणि विंडोज विकणाऱ्याने घालून दिले होते, त्यामुळे मूळ सेटिंग वेगळे आणि विंडोज टाकतानाचे वेगळे, हे आता लक्षात येते.

गडहिंग्लजकरांनी सांगितल्याप्रमाणे आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केले. डिस्क दिसली, स्मार्टचा निर्वाळा चांगला आहे, बदललेले सेक्टर शून्य. राहिलेल्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि नंतरच मोड एएचसीआय केला. विंडोज पहिल्याच फटक्यात उघडले, फॉन्ट आणि सॉफ्टवेअर जसेच्या तसे आहेत. रात्री मुद्दाम मेन स्विच बंद ठेवून सकाळी पुन्हा पाहिले, एफ वनची ओळ आली नाही.

उबुंटूचा मेनू मात्र अजून येत नाही. फर्मवेअरच्या बूट यादीत फक्त ‘विंडोज बूट मॅनेजर’ एवढीच नोंद आहे, उबुंटू नावाचे काही नाही. भाचा म्हणतो, उबुंटू पुन्हा टाकावे लागेल. तसे खरेच आहे का?

उद्यमनगरचा_टर्नर

नाही, उबुंटू पुन्हा टाकण्याची गरज नसावी. ते डिस्कवर आहे, फक्त त्याच्याकडे नेणारी नोंद बोर्डाच्या यादीतून गळली आहे. नोंदी फ्लॅश चिपमध्ये असल्याने सेल संपला तरी सहसा त्या राहतात, पण मूळ सेटिंगवर जाताना यादी नव्याने मांडणारे बोर्ड आहेत, आणि विंडोज सापडले की तेवढ्यावर समाधान मानणारेही आहेत. विंडोज स्वतःची नोंद सांभाळून असते, उबुंटूची ते सांभाळत नाही.

पेनड्राइव्हवरून पुन्हा उबुंटू सुरू करावे. सुरू करताना फर्मवेअरच्या तात्पुरत्या बूट मेनूत पेनड्राइव्हचे नाव कधी कधी दोनदा दिसते, त्यातले यूईएफआय असे लिहिलेले निवडावे. हे महत्त्वाचे आहे, कारण जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालेल्या लिनक्सला बूट नोंदींच्या यादीला हात लावता येत नाही. खात्री करायची असेल तर सिस फोल्डरातील फर्मवेअर या फोल्डरात ईएफआय नावाचा फोल्डर आहे का ते पाहावे. तो नसेल तर संगणक बंद करून पुन्हा योग्य नोंद निवडावी.

मग टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ हा आदेश उणे एफ या पर्यायासह द्यावा. आदेशांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टंकताना अर्थातच रोमन लिपीत टंकावीत. यादीत व्हीफॅट असे लिहिलेले छोटे पार्टिशन म्हणजे ईएफआयचे, एनटीएफएस म्हणजे विंडोजची आणि ईएक्सटी ४ म्हणजे उबुंटूचे. ईएफआय पार्टिशनचा क्रमांक नीट टिपून घ्यावा. विंडोज १० च्या आरंभीच्या आवृत्त्या ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवत, कारण पहिला क्रमांक रिकव्हरीचा असे, आणि नंतरच्या आवृत्त्या ते पहिल्या क्रमांकावर ठेवतात, म्हणून दुसऱ्याच्या संगणकाचा क्रमांक उतरवून घेऊ नये.

हे पार्टिशन उघडून आत ईएफआय फोल्डर, त्यात उबुंटू फोल्डर आणि त्यात ‘शिमएक्स ६४’ नावाची ईएफआय फाइल आहे का ते पाहावे. असेल तर काम एका आदेशाचे आहे. ‘ईएफआयबूटएमजीआर’ या आदेशाला नवी नोंद तयार करण्याचा पर्याय देऊन त्यापुढे डिस्क, पार्टिशनचा क्रमांक, नोंदीचे नाव आणि त्या फाइलचा मार्ग सांगावा. मार्ग लिहिताना विंडोजप्रमाणे उलट्या तिरक्या रेषा वापराव्यात आणि तो एकेरी अवतरणात ठेवावा, नाहीतर टर्मिनल त्या रेषा गिळून टाकते आणि तयार झालेली नोंद कोठेच जात नाही. येथे बहुतेकांचे पाऊल घसरते. तयार झालेली नोंद क्रमात आपोआप सर्वांच्या पुढे येते. तोच आदेश उणे व्ही या पर्यायासह पुन्हा दिला की सगळ्या नोंदी मार्गासह दिसतात, तिथे मार्ग अखंड आहे ना ते पाहून मगच संगणक पुन्हा सुरू करावा.

फाइल नसेल तर थोडे लांबचे काम आहे. उबुंटूचे मूळ पार्टिशन एमएनटीवर जोडायचे, ईएफआय पार्टिशन त्याच्या आतल्या बूट-ईएफआय फोल्डरावर जोडायचे, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर बाइंड करून आत आणायचे, ‘क्रूट’ने आत शिरायचे आणि तिथून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ हे आदेश द्यायचे (ग्रब म्हणजे तो निवडीचा मेनू दाखवणारा उबुंटूचा प्रोग्राम). आधी फाइल आहे का ते कळवा, उगाच आतापासून एवढे करू नका.

राजारामपुरी_लिनक्स

एवढा व्याप कशाला? बूट-रिपेअर नावाचे साधन पेनड्राइव्हवरील उबुंटूमध्ये टाकून त्याचे शिफारस केलेल्या दुरुस्तीचे बटण दाबले की हे सगळे आपोआप होते. आणि मुळात दोन प्रणाली एका डिस्कवर ठेवणे हेच मला पटत नाही. उबुंटूसाठी वेगळी छोटी एसएसडी घ्यावी, दोन्ही डिस्कवर आपापले ईएफआय पार्टिशन असावे आणि कोणती प्रणाली हवी ते फर्मवेअरच्या बूट मेनूतून निवडावे. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा प्रश्नच उरत नाही.

उद्यमनगरचा_टर्नर

बूट-रिपेअर वाईट साधन नाही, आणि त्याचा अहवाल तर मी स्वतः मागवतो, कारण त्यात सगळ्या पार्टिशनांची आणि नोंदींची माहिती एकत्र मिळते. परंतु शिफारस केलेली दुरुस्ती ग्रब नव्याने बसवते आणि मेनूही नव्याने बनवते. येथे ताईंचा मेनू शाबूत असण्याची दाट शक्यता आहे. ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे मेनू नव्याने बनवल्यावर त्यातून विंडोजच नाहीसे झाले, अशा तक्रारी तेव्हापासून पुष्कळ येतात. त्यावर उपाय सोपा आहे. ईटीसीमधील डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलीत ओएस-प्रोबर बंद ठेवण्याविषयीच्या ओळीचे मूल्य ‘फॉल्स’ करून ‘अपडेट-ग्रब’ द्यायचे. पण जे बिघडलेले नाही ते आधी बिघडवून मग दुरुस्त करण्यात काय हशील?

दोन डिस्कचा सल्ला मात्र मला मान्य आहे. फक्त उबुंटूचा जुना इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटच्या फायली पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवत असे, म्हणून स्थापनेच्या वेळी विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवलेली बरी. आणि हेही खरे की सेल संपून मोड बदलला असता तर विंडोज दोन डिस्क असूनही असेच अडले असते.

अक्षरजुळणी_शाहूपुरी

फाइल जागेवर होती. ईएफआय पार्टिशनचा क्रमांक आमच्याकडे दोन निघाला. नोंद तयार केली, उणे व्ही देऊन मार्ग तपासला आणि संगणक पुन्हा सुरू केला तर पूर्वीचाच मेनू आला, उबुंटू वर आणि विंडोज खाली. दोन्ही उघडून पाहिले. दुरुस्तीवाल्यालाही सेलचे सांगितले, त्याने मोकळेपणाने मान्य केले.

आता एकच गोष्ट खटकते. उबुंटूमध्ये वेळ बरोबर केली की विंडोज साडेपाच तास मागे दाखवते, आणि विंडोजमध्ये बरोबर केली की उबुंटू तेवढेच पुढे पळते. आमच्याकडे एकाच पत्रिकेच्या तीन-तीन दुरुस्त्या येतात आणि कोणती फाइल शेवटची हे आम्ही वेळेवरूनच ओळखतो, म्हणून हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. शिवाय सामायिक डी ड्राइव्हवर उबुंटूमधून कधी कधी लिहिता येत नाही. नवा सेलही बिघडला आहे का?

गडहिंग्लजकर

सेल चांगला आहे. बोर्डवरच्या घड्याळात कोणती वेळ ठेवायची याविषयी दोन्ही प्रणालींचे एकमत नाही. उबुंटू त्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवते, विंडोज त्यातली वेळ थेट स्थानिक समजते. दोन्ही प्रणाली पूर्वी इंटरनेटवरून वेळ आपोआप सुधारून घेत असल्यामुळे हे आपल्या नजरेत आले नसेल. विंडोजमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय बंद झाला आहे का तेही पाहावे.

एका बाजूला बदल करावा लागेल. उबुंटूमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आदेशाने बोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येते, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत ते घड्याळ जागतिक वेळेवर आहे असे एक मूल्य घालता येते. दोन्ही एकदम करू नये, नाहीतर फरक तसाच राहून फक्त दिशा बदलेल. आपल्या दुकानात उबुंटू दुय्यम आहे, तेव्हा मी पहिला मार्ग घेईन. उबुंटू त्यावर एक इशारा देते, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत स्थानिक वेळ ठेवल्याने गोंधळ होतो. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही. बदल केल्यावर एकदा उबुंटूमध्ये वेळ बरोबर करून संगणक बंद करावा आणि विंडोज उघडून पाहावे. मधल्या काळात जतन केलेल्या फायलींवर चुकीची वेळ बसलेली असू शकते, तेव्हा सध्या चालू असलेल्या पत्रिकांची शेवटची प्रत एकदा उघडून खात्री करून घ्यावी.

डी ड्राइव्हवर लिहिता न येण्याचे कारण विंडोजचा फास्ट स्टार्टअप. तो चालू असला की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून झोपते आणि पार्टिशने अर्धवट उघडी राहतात. उबुंटू ते ओळखते आणि नुकसान होऊ नये म्हणून ती फक्त वाचण्यापुरती जोडते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या कामाविषयीचे पान आहे, तिथे वरची निळी ओळ दाबल्याशिवाय खालची खूण काढता येत नाही. ती खूण काढून एकदा पूर्ण शट डाउन करावे. विंडोजचे मोठे अद्यतन झाले की ती खूण कधी कधी पुन्हा लागलेली आढळते, म्हणून डी ड्राइव्ह पुन्हा अडला तर प्रथम तिथेच पाहावे.